आंब्याच्या पेटीचा दर ब्राउझर कसा ठरवणार?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात काकांचा फोन आला. गणपतीपुळ्याच्या अलीकडे त्यांची हापूसची बाग आहे. त्या वर्षी वाशीला माल पाठवता पाठवता त्यांनी थोड्या पेट्या स्वतःच्या वेबसाइटवरून थेट गिऱ्हाइकाला विकायला घेतल्या होत्या. साइट मी बनवली होती. काका एवढंच म्हणाले, "अरे, पेट्या तीन गेल्यात आणि बँकेत एकशे पस्तीस रुपये आलेत. जरा बघतोस का?"

पाच डझनी पेटीचा दर ४,५०० रुपये होता. तीन पेट्यांचे १३,५०० यायला हवे होते. आलेल्या पैशांत मात्र पेटीचा दर ४५ रुपये पडत होता. पार्सल पुण्याला रवाना झालं होतं. पेमेंट खरं होतं, पावती खरी होती, साइट कुणी 'फोडली' नव्हती. गिऱ्हाइकाने दर बदलून पाठवला, आणि माझ्या सर्व्हरने, म्हणजे साइट ज्या संगणकावरून चालते त्याने, तो मुकाट्याने मान्य केला.

ही चूक माझी होती. ती नेमकी कुठे झाली हे मी दुसऱ्या दिवशी काकांच्या पडवीत बसून त्यांना आणि त्यांच्या मुलाला समजावून सांगितलं. तेच इथे लिहितो. कोकणात आज बागायतदार, होमस्टेवाले, स्कूबा डायव्हिंगवाले, मसाले-लोणची करणारे बचत गट असे कितीतरी लोक स्वतःच्या साइटवर धंदा करतात, आणि यातल्या बऱ्याच जणांच्या साइटची सुरक्षा चुकीच्या टोकाला बसवलेली असते.

आपण एखादी वेबसाइट 'उघडतो' म्हणजे काय होतं? दुकानात गेल्यासारखं वाटतं, पण आपण कुठेच जात नाही. उलट दुकानच आपल्या घरी येतं. सर्व्हर मुंबईत असो की परदेशात, तो पानाची एक प्रत आपल्या मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर पाठवून देतो. मजकूर, चित्रं, बटणं आणि जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेले हिशेब, सगळं त्या प्रतीत असतं. 'मोबाइल नंबर दहा आकडी हवा', 'दहापेक्षा जास्त पेट्या घेता येणार नाहीत', 'एकूण रक्कम इतकी झाली' हे सांगणारा कोड गिऱ्हाइकाच्या यंत्रात, गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये चालतो. तिथे आपला माणूस बसलेला नसतो.

मी काकांच्या मुलाच्या लॅपटॉपवर त्यांचीच साइट उघडली आणि एफ १२ दाबलं. पडद्याच्या उजवीकडे एक खिडकी उघडली. ही कुठली चोरवाट नाही. क्रोम, फायरफॉक्स, एज या सगळ्यांत ती सोय मुद्दाम दिलेली असते, कारण साइट बनवणाऱ्याला त्याशिवाय काम करता येत नाही. त्या खिडकीत पानाचा सगळा एचटीएमएल, म्हणजे पान ज्यातून बनतं तो मूळ मजकूर, दिसतो. त्यात मी एक लपवलेली चौकट ठेवली होती. पानावर ती दिसायची नाही, पण तिच्यात दर लिहिलेला होता: ४५००. मी त्या आकड्यावर दोनदा क्लिक केलं, शेवटची दोन शून्यं पुसली आणि एंटर दाबलं. पानावरची एकूण रक्कम ४५ झाली. मग 'पैसे भरा' हे बटण. ते पत्ता भरल्याशिवाय दाबता येऊ नये म्हणून मी बंद करून ठेवलं होतं. त्याच खिडकीत 'डिसेबल्ड' हा शब्द पुसला आणि बटण चालू झालं. दोन्ही मिळून अर्धं मिनिटही लागलं नाही. प्रोग्रामिंगचा एक शब्द लिहावा लागला नाही.

काका म्हणाले, "पण हे तर आपल्याच लॅपटॉपवर बदललं. साइटवर कुठे बदललं?"

प्रश्न अगदी नेमका होता. साइटवर काहीच बदललं नव्हतं. दुसऱ्या कुणी ती उघडली असती तर त्याला ४,५०० हाच दर दिसला असता. पण बटण दाबल्यावर ब्राउझर सर्व्हरला पान परत पाठवत नाही, तो एक चिठ्ठी पाठवतो. त्या चिठ्ठीत साधारण असं असतं: वस्तू, हापूस पाच डझन. नग, ३. दर, ४५. एकूण, १३५. नाव, पत्ता, मोबाइल. सर्व्हरला दिसते ती फक्त ही चिठ्ठी. ती लिहिणाऱ्याने पानावर काय पाहिलं, कुठली लाल सूचना वाचली, कुठलं बटण बंद होतं, यातलं त्याला काहीही कळत नाही.

आणि चिठ्ठी लिहायला पानाची गरजही नसते. कर्ल नावाचा एक मोफत प्रोग्राम १९९८पासून आहे, तो एका ओळीत कुठल्याही सर्व्हरला हवी ती चिठ्ठी पाठवू शकतो. बर्प स्वीटसारखी साधनं ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या मधे बसतात आणि जाणारी चिठ्ठी थांबवून दुरुस्त करू देतात. सुरक्षा तपासणारे लोक ती रोज वापरतात. म्हणजे पानावर तुम्ही कितीही तपासण्या लावा, त्या सगळ्यांना वळसा घालून थेट सर्व्हरच्या दारात येता येतं. जावास्क्रिप्ट गुंतागुंतीची करून, उजवं क्लिक बंद करून, कोड वाचता येऊ नये असा घोटून ठेवून काही साधत नाही. चोराला तो कोड वाचायचाच नसतो, त्याला फक्त चिठ्ठीचा नमुना हवा असतो.

मग ब्राउझरमध्ये तपासणी करायची पद्धत आली कशाला? १९९५मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा दहा दिवसांत तयार केला. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून चालायचं. फॉर्म भरायचा, पाठवायचा, वाट बघायची, आणि मग कळायचं की एक रकाना रिकामा राहिला. तो हेलपाटा वाचवायला जागच्या जागी चूक दाखवणं हे या भाषेचं सुरुवातीचं एक मोठं काम झालं. सोय म्हणून आलेली ही गोष्ट लोक हळूहळू पहारा समजू लागले. फेब्रुवारी २०००मध्ये इंटरनेट सिक्युरिटी सिस्टिम्स या कंपनीच्या संशोधकांनी जाहीर केलं की ऑनलाइन विक्रीसाठी तयार मिळणाऱ्या ११ सॉफ्टवेअरमध्ये फॉर्ममधली किंमत बदलून माल घेता येतो. नेमकी माझीच चूक, पण कितीतरी वर्षं आधीची. ते वाचून मला फार वाईट वाटलं, कारण हे सगळं शिकायला उपलब्ध होतं.

समजावताना मी शब्द शोधत होतो, तेवढ्यात काकांनी अंगणाच्या तोंडाकडे बोट केलं. तिथे बेडं आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: जांभ्याच्या गडग्यात आत यायला जी फट ठेवतात, तिच्या दोन्ही बाजूंच्या खांबांना भोकं असतात आणि त्यांतून आडवे बांबू सरकवलेले असतात. गुरं आत येऊ नयेत म्हणून. माणूस आला की दोन बांबू बाजूला सारतो आणि आत येतो. "म्हणजे तू बेडं लावलंस आणि घराला कडी घालायची विसरलास," काका म्हणाले. याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

बेडं काढून टाकायचं नाही, हेही त्यात आलंच. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाते, टॉवरची बॅटरी संपते, घाटाखालच्या वाडीत एका ठरावीक कोपऱ्यातच रेंज मिळते. अशा ठिकाणी बसून ऑर्डर देणाऱ्या माणसाचा पिनकोड चुकला तर त्याला ते तिथल्या तिथे कळलं पाहिजे. ब्राउझरमधली तपासणी म्हणजे प्रामाणिक माणसाला दिलेला मदतीचा हात. ती ठेवाच, चांगली ठेवा, चूक मराठीत नीट सांगा. फक्त तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा, जणू आधी कुणी काही तपासलंच नाही असं धरून, झाली पाहिजे.

आता दुरुस्तीचं सांगतो, कारण खरी मेहनत तिथे आहे.

पहिली गोष्ट, चिठ्ठीत दर येऊच द्यायचा नाही. गिऱ्हाइकाने फक्त दोन गोष्टी सांगायच्या: काय हवं आणि किती हवं. दर सर्व्हरने आपल्या डेटाबेसमधून घ्यायचा. गुणाकार सर्व्हरने करायचा, कुरिअरचा खर्च सर्व्हरने लावायचा. पानावर दिसणारी बेरीज गिऱ्हाइकाच्या माहितीपुरती.

एवढं करून मी खूश होतो. मग रात्री झोपताना 'किती हवं' या रकान्याचं काय, हे डोक्यात आलं. पानावर अधिक-उणे अशी दोन बटणं होती आणि आकडा एकच्या खाली जायचा नाही. पण चिठ्ठीत? समजा कुणी एक पेटी हापूस मागवला, ४,५०० रुपये, आणि सोबत दीडशे रुपयांच्या फणसपोळीची उणे वीस पाकिटं. उणे तीन हजार. एकूण बिल १,५०० रुपये, आणि दर मात्र सगळे माझ्याच डेटाबेसमधले. सकाळी उठून करून पाहिलं, तर खरंच तसं झालं. नग हा पूर्णांक आहे का, एक किंवा त्याहून जास्त आहे का, आपण ठरवलेल्या कमाल आकड्याच्या आत आहे का, हे सर्व्हरने बघितलंच पाहिजे. कूपनचंही तसंच. 'दहा टक्के सूट मिळाली' असं ब्राउझरने सांगायचं नाही, त्याने फक्त कूपनचा शब्द पाठवायचा. तो चालू आहे का, याच गिऱ्हाइकाने आधी वापरला आहे का, हे ठरवणारा सर्व्हर.

मग पैसे. इथे माझी दुसरी चूक होती. 'पेमेंट यशस्वी' हा निरोप ब्राउझरने आणला की मी पॅकिंगची चिठ्ठी छापत होतो. निरोप खरा की बनावट हे बघत नव्हतो, आणि किती रुपये आले हेही बघत नव्हतो. पेमेंट गेटवेवाल्यांनी, म्हणजे साइटच्या वतीने गिऱ्हाइकाकडून पैसे घेणाऱ्या कंपन्यांनी, याची व्यवस्था केलेली असते, आपण ती वापरायची असते. उदाहरणार्थ, रेझरपे या गेटवेमध्ये आधी आपल्या सर्व्हरने त्यांच्याकडे ऑर्डर नोंदवायची, रक्कम पैशांत सांगून. ४,५०० रुपये म्हणजे ४,५०,००० पैसे. रक्कम तिथेच बांधली गेली, आता ब्राउझरला ती बदलता येत नाही. गिऱ्हाइकाने पैसे भरले की ब्राउझरकडे तीन गोष्टी येतात: ऑर्डरचा क्रमांक, पेमेंटचा क्रमांक आणि एक सही. ही सही म्हणजे त्या दोन क्रमांकांवर एका गुप्त किल्लीने केलेला गणिती शिक्का असतो. किल्ली दोघांकडेच, गेटवेकडे आणि आपल्या सर्व्हरकडे. आपला सर्व्हर तेच गणित स्वतः करून बघतो. उत्तर जुळलं तर निरोप खरा. क्रमांकातलं एक अक्षर जरी बदललं तरी उत्तर जुळत नाही, आणि किल्ली नसताना योग्य उत्तर बनवता येत नाही. अर्थात ती किल्ली पानाच्या जावास्क्रिप्टमध्ये लिहून ठेवली तर सगळंच वाया. मी अशा साइट पाहिल्या आहेत जिथे ती तिथेच पडलेली असते, एफ १२ दाबलं की समोर.

दर बदलणं हा यातला सर्वात सौम्य प्रकार आहे. त्यात पैसे जातात, आणि पैसे मोजता येतात.

एका होमस्टेच्या साइटवर पाहुण्यांना आधार कार्डाचा फोटो चढवायला सांगितलं जायचं. बुकिंग झालं की पावतीच्या दुव्याच्या शेवटी बुकिंगचा क्रमांक यायचा, समजा ४१७. तिथे ४१६ लिहिलं की आधीच्या पाहुण्याची पावती, नाव, मोबाइल आणि आधारचा फोटो. पानावर 'माझं बुकिंग' हे एकच बटण होतं, त्यामुळे बनवणाऱ्याला वाटलं की माणूस स्वतःचंच बुकिंग बघणार. पण बटण काय दाखवतं आणि सर्व्हर काय देतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक वेळी सर्व्हरने विचारायला हवं होतं: मागणारा कोण, आणि हे बुकिंग त्याचं आहे का? हीच चूक मोठ्यांकडूनही झाली आहे. २०१९मध्ये अमेरिकेतल्या फर्स्ट अमेरिकन या, मालमत्तेच्या मालकी हक्काचा विमा उतरवणाऱ्या, कंपनीची सुमारे ८८.५ कोटी कागदपत्रं अशीच, दुव्यातला आकडा बदलून, कुणालाही बघता येत होती. वेबसाइटच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेने २०२१च्या आपल्या दहा मोठ्या धोक्यांच्या यादीत पहिला क्रमांक याच प्रकाराला दिला: कुणाला काय बघता-करता यावं याची तपासणी मोडलेली असणं.

लपवण्यावर भिस्त ठेवण्याचाही हाच प्रकार. 'मालकासाठी' असलेलं बटण इतरांना दिसत नाही, म्हणून सुरक्षित. लपवायचा तो भाग पानावर दाखवला नाही, म्हणून तो कुणाला कळणार नाही. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात २०२१मध्ये शिक्षण खात्याच्या साइटवर एक लाखाहून जास्त शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक (तिथले आपल्या आधारसारखे क्रमांक) धोक्यात असल्याचं उघड झालं. पानावर ते दिसत नव्हते, पण पानाच्या सोर्समध्ये, म्हणजे ब्राउझरला आलेल्या मूळ मजकुरात, आलेले होते. एका वार्ताहराने ते पाहिलं, खात्याला कळवलं, दुरुस्ती होईपर्यंत बातमी थांबवली. राज्यपालांनी उलट त्याच्यावरच खटला भरण्याची भाषा केली. २०२२मध्ये सरकारी वकिलांनी खटला भरायला नकार दिला. जे गिऱ्हाइकाच्या यंत्रात पोचलं ते त्याला दिलेलंच आहे, दिसो वा न दिसो. मालवणला सिंधुदुर्गाकडे होडीने जाताना महादरवाजा पटकन नजरेला येत नाही, तटाच्या वळणात तो दडलेला आहे. तरी आत पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेतच. दरवाजा लपवला म्हणून पहारा कमी केलेला नाही.

ओटीपीचा घोळ तर मी दोन-तीन ठिकाणी पाहिला. सर्व्हर मोबाइलवर ओटीपी पाठवतो आणि तोच ओटीपी पानालाही पाठवतो, म्हणजे पान स्वतःच पडताळून बघेल. परीक्षेच्या पेपरासोबत उत्तरं वाटण्यासारखं हे आहे. पडताळणी सर्व्हरवर, चार-पाच चुकांनंतर बंद, आणि काही मिनिटांनी तो ओटीपी रद्द. चढवलेल्या फोटोचंही तेच: फाइलच्या नावाच्या शेवटी जेपीजी आहे एवढं ब्राउझरने बघून चालत नाही, आत खरंच चित्र आहे का ते सर्व्हरने बघायचं. आणि मोबाइल ॲप असलं म्हणून काही वेगळं होत नाही. ॲपही गिऱ्हाइकाच्या खिशातच असतं, त्याचं पॅकेट उघडून आतला कोड काढता येतो, आणि त्याच्या चिठ्ठ्याही तशाच वाचता-बदलता येतात.

दरवेळी समोरचा माणूस खोटंच बोलत असतो असंही नाही. मे महिन्यात शनिवार-रविवारच्या खोल्यांचं बघा. पानावर 'एक खोली शिल्लक' असं लिहिलेलं असतं, पण ते पान पाहुण्याने वीस मिनिटांपूर्वी उघडलेलं असतं. तो घरच्यांना विचारून येईपर्यंत दुसऱ्याने खोली घेतलेली असते. पानाने सांगितलेल्या शिलकीवर विश्वास ठेवून बुकिंग घेतलं की दोन कुटुंबं एकाच खोलीच्या दारात सामान घेऊन उभी राहतात, बरोबर लहान मुलं, आणि आसपास सगळं भरलेलं. खोली मोकळी आहे का, हे पैसे घेण्याच्या क्षणी, सर्व्हरवर, कुलूप लावून बघावं लागतं, म्हणजे त्या क्षणी दुसरी नोंद आत येऊ शकत नाही अशा रीतीने.

तुमची साइट दुसऱ्याने बनवली असेल तर त्याला विचारा: चिठ्ठीत दर जातो का? दुसऱ्याच्या बुकिंगचा क्रमांक टाकला तर काय होतं? पेमेंटची सही कुठे तपासता? चांगला माणूस रागावणार नाही, तो तुमच्यासमोर करून दाखवेल. नुसतं 'आपली साइट एचटीटीपीएस आहे, कुलपाचं चित्र दिसतंय ना' असं उत्तर आलं तर ते या प्रश्नाचं उत्तर नव्हे. एचटीटीपीएसमुळे चिठ्ठी वाटेत तिसऱ्याला वाचता येत नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्यानेच खोटं लिहिलं असेल तर ते खोटं अगदी सुरक्षितपणे पोचतं. हे प्रयोग मात्र आपल्याच साइटवर करा. दुसऱ्याच्या साइटवर परवानगीशिवाय केले तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० लागू होतो. आणि पाहुण्यांची कागदपत्रं ठेवत असाल तर २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा नजरेखालून घाला. माहिती जपण्यासाठी वाजवी उपाय केले नाहीत तर त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एवढा दंड छोट्या होमस्टेला होईल असं नव्हे, पण जबाबदारी कुणाची हे त्यातून स्पष्ट होतं.

त्या तीन पेट्यांचे पैसे काही आले नाहीत. उरलेले १३,३६५ रुपये मी माझ्या बिलातून वजा केले. काका नको म्हणत होते. पुढच्या हंगामाआधी सगळा हिशेब सर्व्हरवर नेला, आणि काकांनी सांगितलं म्हणून एक गोष्ट वाढवली: पॅकिंगच्या चिठ्ठीवर आता दोन आकडे छापले जातात, सर्व्हरने काढलेली रक्कम आणि गेटवेकडून खरोखर जमा झालेली रक्कम. ते जुळले नाहीत तर चिठ्ठी छापलीच जात नाही. तरीही काका संध्याकाळी पडवीत पेट्यांना सुतळी बांधण्याआधी दोन्ही आकड्यांवर पेन्सिलीने एकेक खूण करतात.